चढवून सांगितलेली यादी

आमच्या बाजारात खरा भाव पहिल्या तोंडी कोणी सांगत नाही. मेथीची जुडी जितक्याला द्यायची, त्याच्या दीडपट सांगायची. गिऱ्हाइकानं नाक मुरडून ती अर्ध्यावर आणायची. मग दोघांनी थोडं थोडं सरकत मध्ये कुठंतरी यायचं आणि दोघांनीही आपण जिंकलो असं समजून घरी जायचं. यात कोणी कोणाला फसवत नाही, ती रीतच आहे. केनवडच्या बाजारात मी लग्न झाल्यापासून भाजी घेऊन बसते आणि माझी जीभ या रीतीला इतकी सरावली आहे, की दवाखान्यात ताप किती दिवसांपासून आहे असं विचारलं तरी मी एक दिवस चढवूनच सांगते. लेकीच्या शाळेसाठी मी हीच रीत वापरली आणि तोंडावर आपटले.

लेक जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. तेवढ्या वेळात मेंदूला हवा कमी पडली, असं पुढं वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डोकं तिचं शाबूत आहे, नव्हे, माझ्यापेक्षा चार पावलं पुढंच आहे. पण उजवा हात मुठीत आवळलेला, चालणं भिंत धरून, आणि बोलणं हळू. शब्द आत तयार असतो, जिभेवर यायला वेळ लागतो. ऐकणाऱ्यानं दम धरला तर सगळं समजतं. दम कोणाला नसतो, आणि सगळ्यांत कमी मला. ती ‘आई, मले’ म्हणाली, की मी ‘पानी पायजे का?’ म्हणून गडवा तिच्यापुढं ठेवून मोकळी. पुष्कळदा तिला पाणी नको असायचं. तरी ती प्यायची.

गावच्या शाळेत तिची सात वर्षं बरी गेली. तिथं सगळ्यांना ती माहीत होती, दाराजवळची जागा तिची होती, आणि गुरुजी तिला वरच्या वर्गात ढकलत होते. सातवीनंतर गावात शाळा नाही. हायस्कूल चार किलोमीटरवर, रोडवरच्या मोठ्या गावात. दुमजली इमारत, वर्गात पन्नास-पंचावन्न पोरं, दर तासाला नवे सर, आणि आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आधी पायऱ्या मोजल्या. बावीस होत्या, आणि चढताना कठडा उजव्या हाताला, म्हणजे तिच्या आवळलेल्या मुठीच्या बाजूला.

सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईनं मला समजावलं, “लय झालं सातवी. आता घरी बसून जुड्या बांधीन.” इतकी वर्षं शेजारी राहून त्या बाईला हेही कळलं नव्हतं, की माझ्या लेकीला जुडी बांधता येत नाही. जुडीला दोन हात लागतात. मला असा राग आला, की त्या रागातच मी ठरवून टाकलं. ही हायस्कुलात जाणार, दहावी होणार, आणि तिथं शोभेला बसणार नाही, चार पोरींसारखी शिकणार.

आमच्या तालुक्यात अशा लेकरांच्या शाळांमधून फिरणाऱ्या एक विशेष शिक्षिका आहेत. त्या स्कूटीवर येतात, तोंडाला ओढणी गुंडाळून, आणि बसायच्या आधी पाणी मागतात. त्यांनीच मला वाट दाखवली. “ताई, ॲडमिशनच्या वेळीच यादी द्या. तिला शाळेत काय काय लागेल ते लिहा, हेडसरांची सही घ्या. हा तिचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. आणि लिहिताना आधी तिलाच विचारा.”

“हो हो,” मी म्हटलं. त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या कानावरून गेलं, कानात गेलं नाही.

यादी आम्ही मे महिन्यात एका सकाळी शेतात केली. शेंगा तोडून झाल्या होत्या आणि निंबाखाली सांबाराच्या जुड्या बांधणं चाललं होतं. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात. नवरा बांधत होता, लेक डाव्या हातानं पिवळी पानं काढून देत होती आणि मी मांडीवर वही घेऊन लिहीत होते. घरात बारावी झालेली मी एकटीच. त्याचा थोडा तोराही आहे मला.

खरोखर लागणाऱ्या गोष्टी सहाच निघाल्या. वर्ग खाली हवा. जागा पहिल्या बाकावर, भिंतीकडची. फळ्यावरचं उतरवायला तिला जमत नाही, म्हणून दुसऱ्या मुलीच्या वहीची झेरॉक्स चालावी. परीक्षेत तिनं सांगायचं आणि दुसऱ्या कोणी लिहायचं, त्याला लेखनिक म्हणतात, तो मिळावा आणि वेळही जास्त मिळावा. संडासात धरायला दांडी असावी. आणि शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी तिला सोडावं, नाहीतर पोरांच्या लोंढ्यात ती पहिल्याच दिवशी आडवी व्हायची.

“सहाच?” नवरा म्हणाला. “सहा मांगशीन त तीन देतीन. आनखी पाच-सहा टाक वरून.”

त्यांना मी काय नावं ठेवणार? त्यांनी बोलायच्या आधी मीच ते मनात म्हटलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं मग आम्ही वरचं भरायला लागलो. सकाळच्या परिपाठाला उभं करू नये. खेळाच्या तासाला नेऊ नये. गृहपाठ देऊ नये. वर्गात उभं करून वाचायला लावू नये, प्रश्न विचारू नयेत. मधल्या सुट्टीनंतर घरी सोडावं. यातलं काहीसुद्धा आम्हाला मनातून नको होतं. हा नुसता चढवलेला भाव होता. हेडसर घासाघीस करतील, तेव्हा आम्ही एकेक सोडून देणार आणि खरे सहा पदरात पाडून घेणार, असा माझा बेत होता. बेतावर मी खूश होते.

लेकीनं मान वर केली. “आई, मले...”

“थांब व, मोजू दे,” मी म्हटलं. अकरा भरल्या होत्या.

हेडसरांकडं मी लढाईच्या तयारीनं गेले. पिशवीत दिव्यांगाचं कार्ड, वाशीमच्या दवाखान्याचे कागद, सातवीचा दाखला. ते नाही म्हणाले तर काय म्हणायचं, वर्ग खाली आणता येत नाही म्हणाले तर काय, सगळं पाठ. नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून मी ‘कायद्यात हाये सर’ हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं होतं.

हेडसर पन्नाशीचे, शांत, पोट थोडं सुटलेलं. त्यांनी यादी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, “ठीक आहे ताई. सगळं मंजूर.”

“सगळं?”

“सगळं. अशा लेकरासाठी एवढं तर केलंच पाहिजे आपण.” त्यांनी खाली सही केली आणि माझीही घेतली.

गिऱ्हाइकानं न घासता पहिल्या भावाला माल उचलला, की भाजीवाल्याला आनंद होत नाही, चुकल्यासारखं होतं. एकतर आपण कमी सांगितलं, नाहीतर त्यानं माल नीट पाहिलाच नाही. तसंच मला झालं. नवरा मात्र हवेत होता. त्यांनी फाट्यावर गरम भजी बांधून घेतली.

घरी भजी खाता खाता मी लेकीला सगळं वाचून दाखवलं. वाटलं, पोरगी हरखून जाईल. ती ऐकत राहिली. तिचा घास बराच वेळ तोंडात फिरला. मग ती म्हणाली, “मंग... मी शाळेत... कराचं काय?”

मी चिडले. उन्हातान्हात आम्ही हिच्यासाठी हिंडायचं, आणि हिचे हे प्रश्न! “कराचं काय म्हंजे? बसाचं! लोकायच्या लेकरायले एवढं सुख भेटते का?”  ती भज्यातली मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवत राहिली.

आमच्या विदर्भात ऊन फार, म्हणून शाळा जूनच्या शेवटी उघडतात. उघडायच्या आठ-दहा दिवस आधी मी बाजारातून परतताना हायस्कुलात डोकावले. आठवीचा वर्ग खाली आला का ते पाहायचं होतं. शिपाई म्हणाला, “या ना ताई, तुमच्या पोरीची जागा तयार हाये,” आणि मला ऑफिसच्या बाजूच्या खोलीत घेऊन गेला.

तिथं कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे उभे होते, काच फुटलेलं एक कपाट होतं, वर मागच्या कधीच्या तरी सामन्यांच्या ढाली होत्या. आणि खिडकीपाशी एक खुर्ची, एक छोटं टेबल, एक टेबलफॅन. खुर्चीवर नवी उशी.

हेडसर मागून आले. कौतुकानं सांगू लागले, “बघा ताई. तिला परिपाठ नाही, वाचन नाही, प्रश्न नाहीत, खेळ नाही, दुपारी घरी जायचं. मग वर्गातल्या गर्दीत बसवून तिला त्रासच ना? इथं पंखा आहे, पाणी आहे, संडास दोन पावलांवर. वर्ग खाली आणायचीही गरज राहिली नाही. सर अधूनमधून पाहून जातील. आणि पावसापाण्याची नाही आली तरी काळजी करू नका, हजेरी आम्ही सांभाळून घेऊ.”

उशी त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती. म्हणून मला भांडताही येईना. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं! त्यांनी माझी यादी नीट वाचली होती, माझ्यापेक्षा नीट. आठवीच्या वर्गात करायच्या एकूण एक गोष्टी मीच माझ्या सुवाच्य अक्षरात काढून टाकल्या होत्या. उरली होती ती ही खुर्ची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

तिथून निघाले ती रोडवरच्या निवाऱ्यात बसून रडले. आधी रागानं, मग शरमेनं. मग त्या स्कूटीवाल्या मॅडमना फोन लावला. त्यांनी अकराच्या अकरा ऐकून घेतल्या. मग एकच विचारलं, “तिला विचारलं होतं का?”

जीप आली. मी ती सोडली, आणि पुढचीही सोडली.

दुसऱ्या दिवशी मी बाजार बुडवला. लेकीला घेऊन ओट्यावर बसले, वही उघडली आणि म्हटलं, सांग. आणि तोंडावर पदर धरला, खरंच धरला, कारण माझ्या जिभेचा मला भरवसा नव्हता. तिनं सांगायला बराच वेळ घेतला. शेजारची कोंबडी दोनदा घरात शिरली, मी उठले नाही.

तिला परिपाठाला जायचं होतं, भिंतीला टेकून. मैदानावर जायचं होतं, जमेल ते करायचं होतं, नाही जमलं तर ओरडायचं होतं, ओरडायला हात लागत नाहीत म्हणाली. गृहपाठ हवा होता, पण निम्मा. वर्गात वाचायचं होतं, ते तर सगळ्यांत आधी. मी मनापासून मागितलेल्या सहांपैकीही एक तिला नको होतं. “पाच मिन्टं आदी... मले एकटीले... निघाचं नाई. पोरींसंगं... निघाचं हाये.” आणि एक गोष्ट तिला हवी होती, जी माझ्या यादीत कुठंच नव्हती. “मी बोलून राह्यली की... मंदात कोनी बोलू नये.”

हे म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहत लिहून घेतलं.

आता मागितलेलं परत करायचं होतं. आमच्यात सौदा झाल्यावर मागं फिरणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही. दिलेली जुबान म्हणजे जुबान. भाव ठरल्यावर एकदा एका बाईनं वांगी परत आणली होती, तर अख्ख्या ओळीनं तिला महिनाभर तोंड दाखवू दिलं नव्हतं, आणि त्या ओळीत सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलले होते. आता मीच तशी निघाले. नवरा म्हणाला, “ते काय म्हनतीन?” मी म्हटलं, “म्हनू द्या. माही अब्रू मोठी का पोरीची शाळा?” नवरा होताच, या वेळी लेकीलाही सोबत घेतलं.

हेडसरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “ताई, सही तुमची आहे. खोली लावली, शिक्षकांना सांगून झालं. आता हे काय नवीन?”

“सर, मी भाजीवाली बाई. म्या यादी चढवून सांगतली होती. वाटलं, तुमी घासाघीस करान.”

ते आधी नुसते पाहत राहिले. मग हसायला लागले, पोट धरून. माझं टाळकं सरकलं. “हसू नका सर! तुमच्या एका हो मंदी माह्या पोरीची शाळा चालली.”

त्यांनी हसू आवरलं. मग मात्र खरं बोलले, आणि ते मला आवडलं. “बरं. मग ऐका. एक तास पस्तीस मिनिटांचा. पंचावन्न पोरं. ती एक पान वाचेपर्यंत घंटा होईल. बाकीच्यांचा अभ्यासक्रम कोण पुरा करणार? उद्या त्यांचे आईबाप माझ्याकडं येतील, त्यांना मी काय सांगू?”

माझ्याकडं याचं झणझणीत उत्तर तयार होतं. तेवढ्यात लेकीनं माझं मनगट धरलं, डाव्या हातानं, घट्ट. “मी... सांगतो... सर,” ती म्हणाली.

आणि ती बोलायला लागली. मला ते तिचं बोलणं अजून ऐकू येतं, कारण मी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होते. मध्येच सरांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद करून पालथा ठेवला. मी टेबलाखाली स्वतःलाच चिमटे काढत होते. एका शब्दापाशी ती अडली, मला तो शब्द समोर दिसत होता, नुसता उचलून द्यायचा होता. नाही दिला. तो तिचा तिनं आणला.

ती म्हणाली, एक पान नाही, एकच परिच्छेद. आदल्या दिवशी सांगून ठेवा, मी घरून तयारी करून येते. घंटा झाली तर मी थांबेन. पण पोरांची पाळी येते तशी माझीही आली पाहिजे. पाळी चुकवायची नाही.

हेडसरांनी चष्मा काढला. “आठवड्यातून एकदा,” ते म्हणाले.

“दोनदा,” लेक म्हणाली. माझ्या आधी.

मी नवऱ्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. पोरगी कोणावर गेली याचा उलगडा झाला. सरही हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. मग तासभर आमची अशी घासाघीस झाली, की मला कधी नव्हे ते शाळेत बाजारासारखं मोकळं वाटलं. पाचवीची चिमणी पोरं जिन्यावर नको, म्हणून त्यांच्याऐवजी सहावी वर जाणार आणि आठवी खाली येणार. परिपाठाला भिंतीजवळ उभी राहील, थकली तर कोणाला न विचारता बसेल. गृहपाठ निम्मा, आणि तो ती सांगेल तसा मी लिहायचा. “तुमचं डोकं त्यात लावायचं नाही ताई,” असं सरांनी मला बजावलं. शाळा सुटताना ती वर्गातल्या दोघी मुलींसोबत निघणार, आधी नाही. नवी यादी सरांनी स्वतःच्या हातानं लिहिली. शेवटी पेन थांबवून त्यांनी लेकीला विचारलं, “ते मध्ये न बोलण्याचं कसं लिहू?” आणि तिनं सांगितलं तसंच लिहिलं: ती बोलत असताना कोणी मध्ये बोलू नये, शिक्षकांनीही.

“आई-वडलायनंही,” लेक म्हणाली. तेही लिहिलं. सह्या झाल्या. उशी मी त्या खोलीतून आणून सरांना परत दिली.

मग कामं. संडासातली दांडी शाळेच्या मंजुरीतून यायला दिवाळी उजाडली असती. नवऱ्यानं विहिरीवरच्या मोटरच्या जुन्या पाइपाचा तुकडा घेतला, वेल्डिंगवाल्याकडून वाकवून आणला आणि लेकीला उभं करून तिच्या डाव्या हाताच्या उंचीला भिंतीत बसवला. सिमेंट वाळेपर्यंत दोन दिवस तिथं पहारा दिला. मॅडमनी लेखनिक शोधली. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून सातवीतली एक चुणचुणीत मुलगी मिळाली. दोघी आमच्या ओट्यावर सराव करायच्या. लिहिणारीला आपल्या मनचं एक अक्षर घालता येत नाही, आणि सांगणारीला स्वल्पविरामसुद्धा तोंडानं सांगावा लागतो. पहिल्या दिवशी दोघी कडाकडा भांडल्या. लेक म्हणत होती पूर्णविराम, ती म्हणत होती वाक्य अजून संपलं नाही. “माहं वाक्य... मले म्हाईत... कवा संपते,” असं लेकीनं तिला सुनावलं. मॅडम स्कूटीवर बसल्या बसल्या हसत होत्या.

शाळा उघडली. पहिल्यांदा तिनं वाचलं तेव्हा मागच्या बाकांवर पोरं फिदीफिदी हसली. हे मला तिनं सांगितलं नाही, तिच्यासोबत निघणाऱ्या मुलीनं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जायला चप्पल घातली होती. लेक दारात आडवी उभी राहिली. “नाई,” म्हणाली. मी चप्पल काढली. ती काढायला मला जितकं जड गेलं तितकं त्या बावीस पायऱ्यांचं भांडण गेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कमी हसले. मग ती रीतच झाली असावी, कारण तिसऱ्या वेळेबद्दल कोणी काही सांगितलंच नाही.

परिपाठाला ती एकदा पडली, गुडघा फुटला. एका सरांना तिचं थांबून ऐकणं अजून जमत नाही, ते घड्याळ पाहतात. पहिल्या घटक चाचणीत गणितात पार झोपली. सगळं काही गोड झालं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी तिचे कपडे, डबा, दप्तर आणि माझी भाजी एकाच मोटरसायकलवर निघतात आणि अर्ध्या वाटेत काहीतरी घरी राहिल्याचं आठवतं.

पोळा जवळ आला होता, त्या सुमारास एक दिवस ती घरी आली ती फणफणतच. दप्तर खाटेवर आदळलं. तोंड लाल, डोळे भरलेले. मी विचारलं, काय झालं, आणि पाणी न देता उभी राहिले.

“मले... सर... रागावले.”

“कोन सर? काहून?”

“मराठीचे. कविता... पाठ नव्हती. साऱ्या वर्गासमोर... उभं केलं. म्हने...” तिला हुंदका आला. मी थांबले. “म्हने, तू... आळशी हायेस. डोकं हाये... वापरत नाईस. उद्या पाठ नसली... त वर्गाभाईर... उभी राहाशीन.”

माझ्या लेकीला तोपर्यंत सगळ्या गावानं बिचारी म्हटलं होतं. बाजारात म्हणत, बसमध्ये म्हणत, दवाखान्याच्या रांगेत अनोळखी बाया तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत. आळशी तिला कोणीही म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला असा आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून मी स्वयंपाकाच्या ओट्याकडं तोंड फिरवलं आणि उगाच पीठ चाळायला घेतलं.

“मंग, पाठ होती का?” मी विचारलं.

“नाई.”

“काहून नव्हती?”

तिची नजर टीव्हीकडं गेली. टीव्ही पाहत बसली होती आदल्या दिवशी, मला माहीत होतं.

“मंग सर बराबर बोलले. काढ पुस्तक.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू तिच्या बाजूचं माणूस या घरात एकही नाही. मग दप्तर ओढलं, डाव्या हातानं आणि दातांनी चेन उघडली आणि पुस्तक काढलं. नवरा शेतातून आला, त्यांनी वाढ म्हटलं. मी म्हटलं, आधी कविता.